फिर्याद कोणाची? गांधींनी दोनदा माफ केले, खटला मात्र एकदा उभा राहिला

१/
१० फेब्रुवारी १९०८. जोहान्सबर्गच्या रस्त्यावर सकाळच्या वेळी मोहनदास गांधी नावाच्या वकिलाच्या डोक्यात मागून काठीचा जबर घाव बसतो. ते कोसळतात. पडलेल्या देहावर लाथा आणि काठ्या चालूच राहतात. शुद्धीवर आल्यावर हा माणूस विचारतो, मीर आलम कुठे आहे? अटकेत आहे, असे उत्तर मिळताच तो म्हणतो, त्याला सोडले पाहिजे.

२/
त्यानंतर गांधींनी ट्रान्सवालच्या ॲटर्नी जनरलला तार केली: आपली काही तक्रार नाही, आरोपींवर खटला चालू नये. तरीही खटला चालला आणि शिक्षाही झाली. अकरा वर्षांपूर्वी डर्बन येथे गांधींवर याहून कितीतरी मोठ्या जमावाने हल्ला केला होता. तेव्हाही त्यांनी खटला नको म्हटले आणि तेव्हा मात्र सरकारने ते तत्काळ मान्य केले. असे का झाले? या प्रश्नाच्या मुळाशी फौजदारी कायद्यातला एक जुना वाद आहे. गुन्हा ज्याच्यावर घडला, फिर्याद त्याची की राज्याची?

३/
आरंभ एका शब्दापासून करू. ‘राजीनामा’ म्हटले की आज नोकरी किंवा पद सोडणे एवढेच डोळ्यांसमोर येते. जुन्या कोर्टकचेरीच्या भाषेत त्याचा अर्थ निराळा होता. आपण राजी आहोत, आपले समाधान झाले, आता दावा चालवायचा नाही, असे फिर्यादीने लिहून दिलेला कागद म्हणजे राजीनामा. उत्तर हिंदुस्थानातील न्यायालयांत तडजोडीच्या कागदाला आजही हेच नाव ऐकू येते. भांडण दोघांचे असेल तर ते मिटवण्याचा अधिकारही दोघांचा, हा विचार त्या शब्दात मुरलेला आहे.

४/
दिवाणी दाव्यात हा विचार सहज लागू पडतो. पैसे माझे, दावा माझा, तो सोडून द्यायचा तर मीच सोडणार. गांधींच्या वकिलीचा पायाच अशा तडजोडीवर घातला गेला. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला आणि त्यांचे नातलग तय्यब शेठ यांच्यातील मोठ्या रकमेच्या दाव्यासाठी. गांधींनी दोघांना लवादापुढे आणले. निकालाने तय्यब शेठ यांना सुमारे ३७,००० पौंड व खर्च देणे आले. ही रक्कम एकदम मागितली तर त्यांचे दिवाळे निघाले असते, म्हणून गांधींनी दादा अब्दुल्लांचे मन वळवून ती लांब मुदतीच्या हप्त्यांनी घ्यायला लावली.

५/
फौजदारी गुन्ह्याचे तसे नसते. चोरी किंवा मारहाण एका माणसाची झाली, तरी शांतता सर्वांची भंगते असे आधुनिक कायदा मानतो. म्हणून आपल्याकडील खटल्याच्या मथळ्यावर एका बाजूला राज्याचे नाव असते: पूर्वी ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध’, पुढे ‘एम्परर विरुद्ध’, आज ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’. जखम ज्याच्या अंगावर झाली तो या खटल्यात बहुधा केवळ साक्षीदार उरतो. मग त्याने माफ केले, तर त्या माफीला काही किंमत आहे का?

६/
गांधींपुढे हा प्रश्न प्रथम प्रिटोरियात आला. अध्यक्ष क्रूगर यांच्या घराजवळील पदपथावरून चालत असता पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांना काही न बोलता ढकलले आणि लाथ मारली. कोट्स नावाचे त्यांचे परिचित गृहस्थ घोड्यावरून तेथूनच जात होते. तुम्ही खटला भरा, मी साक्ष देतो, असे ते म्हणाले. गांधींचे उत्तर ठरलेले होते. स्वतःवरील अन्यायासाठी न्यायालयाची पायरी चढायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. ही बाब तिथेच मिटली, कारण राज्यालाही तीत रस नव्हता.

७/
डर्बनचे प्रकरण तसे मिटणारे नव्हते. १८९६ मध्ये गांधी काही महिन्यांसाठी हिंदुस्थानात आले. नाताळमधील हिंदी मजुरांची व व्यापाऱ्यांची स्थिती सांगणारी एक पुस्तिका त्यांनी राजकोटला लिहिली. मुखपृष्ठाच्या रंगावरून ती ‘हिरवी पुस्तिका’ म्हणून ओळखली गेली. मुंबईत त्यांनी भाषण केले, पुण्यात टिळक, गोखले आणि भांडारकर यांच्या भेटी घेतल्या. रॉयटरने त्या पुस्तिकेचा दोन-तीन ओळींचा सारांश तारेने पाठवला आणि नाताळच्या गोऱ्यांची समजूत झाली की या माणसाने आपली जगभर बदनामी केली.

८/
त्याच सुमारास मुंबईत प्लेगची साथ पसरली होती. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईहून निघालेली ‘कुरलँड’ आणि ‘नादरी’ ही जहाजे १८ डिसेंबरला डर्बनच्या किनाऱ्याशी पोहोचली. दोन्हींवर मिळून सुमारे ८०० प्रवासी होते. प्लेगचे कारण सांगून त्यांना समुद्रातच अडकवून ठेवण्यात आले. विलगीकरणाची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. किनाऱ्यावर गोऱ्यांच्या सभा भरत होत्या. जहाजे परत पाठवा, ही त्यांची मागणी होती. नाताळचे ॲटर्नी जनरल हॅरी एस्कंब यांची सहानुभूती कोणाकडे आहे हे लपून राहिलेले नव्हते.

९/
१३ जानेवारी १८९७ रोजी जहाजे धक्क्याला लागली. निदर्शने करणारे गोरे आपापल्या व्यवसायांनुसार जथे करून जमले होते. एस्कंब यांनी स्वतः येऊन त्यांची समजूत घातली आणि जमाव पांगला. गरोदर कस्तुरबा व मुले गाडीतून पारशी रुस्तमजी यांच्या घरी सुखरूप पोहोचली. गांधींनी अंधार पडल्यावर उतरावे असा निरोप एस्कंब यांनी पाठवला होता. जहाजमालकांचे वकील लॉटन यांना चोरासारखे गावात शिरणे पटले नाही. दोघे पायी निघाले.

१०/
काही पोरांनी गांधींना ओळखले आणि हाकाटी केली. पाहता पाहता गर्दी जमली. लॉटन यांना बाजूला खेचण्यात आले. दगड, विटांचे तुकडे, सडकी अंडी यांचा मारा झाला. कोणी पागोटे हिसकावले, कोणी लाथा घातल्या. गांधी एका घराचे कठडे धरून कसेबसे उभे राहिले. तेवढ्यात पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नी तिथून जात होत्या. त्यांनी ऊन नसतानाही छत्री उघडली आणि त्या गांधी व जमाव यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांना इजा केल्याशिवाय गांधींपर्यंत पोहोचणे अशक्य झाले.

११/
रात्री रुस्तमजींच्या घराला वेढा पडला. गांधींना बाहेर काढा, नाहीतर घर जाळू, अशी धमकी होती. सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर दारात उभे राहून जमावाला गाण्यात गुंतवत होते. आत गांधींना हिंदी शिपायाचा वेष चढवला जात होता. डोक्यावर टोपाच्या जागी धातूची थाळी आणि तिच्यावर मद्रासी फडके गुंडाळलेले. गुप्त पोलिसांच्या सोबतीने ते मागच्या बाजूने पोलीस ठाण्यात पोहोचले. एका शहराच्या भर वस्तीत, पोलीस प्रमुखांच्या डोळ्यांदेखत हा प्रकार घडला होता.

१२/
बातमी लंडनला गेली. ब्रिटिश मंत्रिमंडळात वसाहतींचा कारभार जोसेफ चेंबरलेन यांच्याकडे होता. त्यांनी नाताळ सरकारला तार केली: हल्लेखोरांवर खटले भरा. एस्कंब पेचात सापडले. मतदार गोरे, जमाव गोरा, उद्याची ज्युरीही गोरीच. खटला चालवावा तर लोक खवळणार, न चालवावा तर लंडन रुष्ट होणार. त्यांनी गांधींना बोलावून घेतले, झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि हल्लेखोर ओळखता आले तर अटक करू असे सांगितले.

१३/
गांधींचे म्हणणे त्यांच्या आत्मकथेत आणि दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात आले आहे. त्याचा आशय असा: एकदोघांना आपण ओळखूही शकू, पण त्यांना शिक्षा करवून काय साधणार? त्यांना जे सांगितले गेले ते खरे मानून ते चिडले. दोष असेल तर पुढाऱ्यांचा आहे आणि स्पष्ट बोलायचे तर एस्कंब यांचाही आहे. रॉयटरच्या तारेवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्यांनी चौकशी करायला हवी होती. खरे काय ते कळले की हे लोक आपणहून पस्तावतील.

१४/
एस्कंब यांनी हे लेखी मागितले. चेंबरलेन यांना केवळ संभाषणाचा गोषवारा कळवून भागणार नव्हते. घाई नको, लॉटन व इतर मित्रांचा सल्ला घ्या, असेही त्यांनी सुचवले. गांधींनी तिथेच कोरा कागद मागितला, खटला नको असे लिहिले आणि कागद त्यांच्या हाती दिला. जुन्या अर्थाने तो राजीनामाच होता. फरक एवढाच की समोरच्या पक्षाने काही भरून दिलेले नव्हते.

१५/
एस्कंब यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली. गांधींच्या नकारामुळे नाताळ सरकार मोठ्या अडचणीतून सुटत होते. येथे थोडे थांबायला हवे. नाताळ सरकारला खटला चालवायचाच असता, तर गांधींच्या संमतीची गरज होती का? सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर होते, त्यांच्या पत्नी होत्या, लॉटन होते. हल्ला हमरस्त्यावर झाला होता. निदर्शनांचे पुढारी वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक झाले होते. पुरावा भरपूर होता. उणीव होती ती इच्छेची. फिर्यादीच्या क्षमेने त्या उणिवेवर पांघरूण घातले.

१६/
पुढे काय झाले? गांधींची वर्तमानपत्रातील मुलाखत वाचून आणि त्यांनी खटला भरला नाही हे पाहून डर्बनच्या अनेक गोऱ्यांना आपली चूक उमगली, असे ते लिहितात. हिंदी समाजाची प्रतिष्ठा वाढली. पण त्याच १८९७ साली एस्कंब नाताळचे पंतप्रधान झाले आणि हिंदी लोकांच्या प्रवेशावर व व्यापारी परवान्यांवर निर्बंध घालणारे कायदे संमत झाले. माफीने माणसे काही अंशी बदलली, राज्य बदलले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१७/
आता जोहान्सबर्ग. ट्रान्सवालमधील प्रत्येक आशियाई माणसाने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा कायदा १९०६-०७ मध्ये आला. हिंदी लोकांनी त्याला ‘काळा कायदा’ म्हटले. ११ सप्टेंबर १९०६ च्या एम्पायर थिएटरमधील सभेत प्रतिकाराची शपथ घेतली गेली. जानेवारी १९०८ मध्ये गांधी तुरुंगात गेले. महिनाअखेरीस जनरल स्मट्स यांच्याशी समझोता झाला: लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल, असे गांधींनी त्याचे स्वरूप समजून घेतले होते.

१८/
हा समझोता सर्वांना पटला नाही. काल ज्या ठशांना नकार द्यायला शिकवले, तेच आज द्यायचे? एका सभेत एका पठाणाने उभे राहून आरोप केला की गांधींनी १५,००० पौंड घेऊन समाज विकला. जो प्रथम ठसे देईल त्याला जिवंत सोडणार नाही, अशी शपथही त्याने घेतली. मीर आलम हा गांधींचा जुना पक्षकार. गाद्या बनवून विकणारा, सहा फुटांहून उंच पठाण. अडचणीत तो गांधींकडेच सल्ल्याला येत असे. १० फेब्रुवारीला नोंदणी कचेरीच्या वाटेवर त्याने विचारले, कुठे निघालात? दहा बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यायला, असे उत्तर मिळाले. पुढचा आवाज काठीचा होता.

१९/
गांधींच्या बचावासाठी धावलेले थंबी नायडू आणि इसप मियाँ हेही जखमी झाले. रस्त्यावरच्या गोऱ्या लोकांनी हल्लेखोरांना पकडले. पाद्री जोसेफ डोक यांनी गांधींना आपल्या घरी नेले. ओठ फाटलेला, कपाळावर आणि बरगड्यांवर मार. त्या अवस्थेतही गांधींनी नोंदणी अधिकाऱ्याला तिथेच बोलावून ठसे दिले आणि ॲटर्नी जनरलला तार पाठवली. आरोपींनी जे केले ते त्यांना योग्य वाटले म्हणून केले, त्यांना सोडून द्यावे, असा तिचा आशय होता. तारेचा परिणाम झाला आणि आरोपी सुटले.

२०/
सुटका टिकली नाही. जोहान्सबर्गच्या गोऱ्या नागरिकांनी ॲटर्नी जनरलला पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे की गुन्हेगारांना शिक्षा करण्याबद्दल गांधींची मते काहीही असोत, ती या देशात चालणार नाहीत. हल्ला खासगी जागेत झालेला नाही, भर रस्त्यात झाला आहे. म्हणून तो सार्वजनिक गुन्हा आहे. साक्ष द्यायला इंग्रज माणसे तयार आहेत. मीर आलम आणि त्याचा एक साथीदार यांना पुन्हा अटक झाली आणि तीन महिने सक्तमजुरी मिळाली. ज्याचे डोके फुटले त्या गांधींना साक्षीलाही बोलावले नाही.

२१/
ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. वसाहती दोन, सरकारे दोन, मध्ये अकरा वर्षांचे अंतर. हे सारे लक्षात घेऊनही एक विसंगती डोळ्यांत भरते. डर्बनचा रस्ता जोहान्सबर्गच्या रस्त्याहून कमी सार्वजनिक नव्हता. साक्षीदार दोन्हीकडे होते. फिर्यादी एकच आणि त्याचे म्हणणेही एकच. मात्र आरोपी गोरे असताना त्याची क्षमा सरकारला मोठेपणाची वाटली, आरोपी पठाण असताना तीच क्षमा एका माणसाचे खासगी मत ठरली. ‘सार्वजनिक गुन्हा’ हे तत्त्व दोन्ही वेळा हाताशी होते. ते बाहेर कधी काढायचे, हे सत्तेच्या सोयीने ठरले.

२२/
तत्त्व मात्र चुकीचे नव्हते. भर रस्त्यात काठी चालत असेल तर तिथून जाणाऱ्या प्रत्येकाचा त्या शांततेवर हक्क आहे आणि नायडू व इसप मियाँ यांच्या जखमा माफ करण्याचा अधिकार गांधींना नव्हता. गांधींनाही ही मर्यादा ठाऊक असावी. पुढे १९२० मध्ये त्यांनी लिहिले की १९०८ च्या हल्ल्याच्या वेळी आपण तिथे असतो तर काय करायला हवे होते, असे त्यांच्या थोरल्या मुलाने विचारले होते. बळ वापरूनही वडिलांना वाचवणे हे तुझे कर्तव्य होते, असे उत्तर त्यांनी दिले. म्हणजे क्षमा करणे जखमी माणसाच्या हाती, पाहणाऱ्यांना मात्र गप्प राहण्याची मुभा नाही.

२३/
हिंदुस्थानात हाच वाद कायद्याच्या कलमांतून चालला. मुस्लिम फौजदारी कायद्यात खून झालेल्याचे वारस खुन्याला माफ करू शकत किंवा भरपाई घेऊ शकत. बंगालमध्ये १७९० नंतरच्या काही वर्षांत कॉर्नवॉलिसच्या राजवटीने वारसांचा हा अधिकार काढून घेतला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने आणखी पुढचे पाऊल टाकले. मोबदला घेऊन गुन्हेगाराला पाठीशी घालणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. पैसे घेऊन गप्प बसलेला फिर्यादी आता स्वतः आरोपी होऊ शकत होता.

२४/
पण प्रत्येक शिवीगाळ, धक्काबुक्की आणि अब्रुनुकसानी राज्याने शेवटपर्यंत लढवायची, तर न्यायालये बुडून जातील. म्हणून १८८२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम ३४५ मध्ये यादी केली: कोणते गुन्हे आपसात मिटवता येतील आणि ते मिटवण्याचा अधिकार कोणाला. १८९८ च्या संहितेत कलमाचा क्रमांक तोच राहिला. १९७३ च्या संहितेत ते कलम ३२० झाले आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५९. साधी दुखापत जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो. गंभीर दुखापतीला न्यायालयाची परवानगी लागते. दंगा या यादीत नाही. डर्बनसारखा प्रकार मुंबईत घडला असता, तर दंग्याचा आरोप एकट्या गांधींच्या कागदाने मिटला नसता.

२५/
आरोपीने माफी मागितली म्हणून खटला संपतो, हाही गैरसमज आहे. महाराष्ट्राला याचे उदाहरण १८८२ मध्येच मिळाले. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी केलेल्या लिखाणावरून कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारे ते लिखाण झाले ती बनावट असल्याचे दिसल्यावर टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली. तरीही दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. तडजोडीला फिर्यादीची मान्यता लागते, आरोपीचा पश्चात्ताप एकटा पुरत नाही.

२६/
आजच्या कायद्यात ‘केस मागे घेणे’ या एकाच बोलीखाली तीन वेगळ्या वाटा आहेत. किरकोळ खटल्यात तक्रारदार पुरेसे कारण दाखवून दंडाधिकाऱ्याच्या परवानगीने तक्रार मागे घेऊ शकतो. यादीतील गुन्हा पीडित व्यक्ती आपसात मिटवू शकते आणि त्याचा परिणाम आरोपीच्या निर्दोष सुटकेत होतो. तिसरी वाट सरकारी वकिलाची. न्यायालयाच्या संमतीने तो खटल्यातून माघार घेऊ शकतो. पोलिसांत दिलेली फिर्याद ‘परत घेतो’ असे ठाण्यात सांगितल्याने या तिन्हींपैकी काहीही घडत नाही.

२७/
याशिवाय उच्च न्यायालयाला खटला रद्द करण्याचा अंगभूत अधिकार आहे. यादीबाहेरच्या गुन्ह्यातही दोन्ही पक्ष समेट करून आले तर तो वापरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग प्रकरणात ठरवले. भांडण मुळात खासगी स्वरूपाचे असावे, ही त्यामागची अट. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे समाजाविरुद्धचे आहेत, ते समेटाने पुसता येणार नाहीत. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीचा विचारच करू नये, असे याच न्यायालयाने २०१५ मध्ये पुन्हा बजावले.

२८/
एवढी काळजी का? कारण न्यायालयात येणारा प्रत्येक फिर्यादी गांधी नसतो. गांधींनी कोणाच्याही धाकाने लिहून दिले नव्हते. ते बॅरिस्टर होते, लंडनपर्यंत त्यांचा शब्द पोहोचत होता. गावच्या सावकाराविरुद्ध फिर्याद करणारी कुळाची विधवा किंवा वरिष्ठाविरुद्ध उभी राहिलेली मजूर स्त्री ‘आमचे समाधान झाले’ असे लिहून देते, तेव्हा त्या समाधानामागे काय आहे हे कोणीतरी विचारायलाच हवे. न्यायालयाची परवानगी ही अट त्या एका प्रश्नासाठी आहे. माफी खरी असेल तर त्या प्रश्नाने तिचे काही बिघडत नाही.

२९/
शेवटी मीर आलम. स्मट्स यांनी शब्द पाळला नाही, असे हिंदी लोकांच्या लक्षात आले. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणी दाखल्यांची होळी करण्यासाठी सभा भरली. शिक्षा भोगून आलेला मीर आलम तिथे हजर होता. त्याने ऐच्छिक नोंदणी केलीच नव्हती, म्हणून आपला मूळ परवाना त्याने जाळण्यासाठी पुढे केला आणि गांधींवर हात उचलला ही चूक झाली असे सर्वांसमोर सांगितले. गांधींनी त्याचा हात हातात घेऊन दाबला आणि आपल्या मनात कधीच राग नव्हता असे पुन्हा एकदा सांगितले. ट्रान्सवालच्या न्यायालयाने जी क्षमा विचारात घेतली नव्हती, ती सहा महिन्यांनी त्या मैदानात दोघांच्या हातांतून पुरी झाली.